नव्वद दिवस बदल नाही

११ मार्च, बुधवार

सकाळी सव्वासातच्या बसने पोहोचलो. सामान काल टेम्पोने आलं होतं. अकरा खोकी, त्यातली सात तिची. ती ताईने आणि भाचीने भरली, मी हात लावला नाही. बायकोला जाऊन आज चोपन्न दिवस झाले.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वेला खिडकी, त्यामुळे नऊपर्यंत ऊन थेट टेबलावर येतं. घरमालकीण खाली राहतात. किल्लीबरोबर त्यांनी नियमांचा कागद दिला आणि म्हणाल्या की यातला एकही नियम आजवर कुणी पाळलेला नाही, तुम्ही पाळलेत तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होईल. बऱ्याच दिवसांनी हसलो.

अकराला ऑफिस. लिफ्टची देखभाल करणारी कंपनी, माणसं पाच. शहरातल्या सहाशे चाळीस लिफ्ट दर तासाला आपापली नोंद पाठवतात. दार किती वेळा उघडलं, वजन किती चढलं, कुठे अडकली. या फायलींना नावं देणं, त्या ओळीने लावणं, जुन्या काढून टाकणं यासाठी दहा-वीस ओळींच्या लहान स्क्रिप्ट आहेत. त्या सांभाळायचं काम माझं. कंपनी चालवणाऱ्या मॅडमनी टेबल दाखवलं. शेजारी लंबू बसतो. त्याची उंची पाच फूट एक इंच. मला विचारायची गरज पडली नाही, त्यानेच सांगितलं.

ही वही ताईने दिली. तू बोलत तर नाहीसच, निदान रोज चार ओळी लिही, म्हणाली. जागा चांगली आहे. इथे जमेल असं वाटतं.

१२ मार्च, गुरुवार

आज मास्तर भेटले. या सगळ्या स्क्रिप्ट त्यांच्या. मागच्या महिन्यात निवृत्त झाले, पण दर गुरुवारी चहाला येतात. एका प्रश्नाला तीन उत्तरं देतात म्हणून ते मास्तर, असं लंबू म्हणाला. मास्तर म्हणाले की चौथं उत्तर लंबूच्या डोक्यावरून गेलं, म्हणून त्याने मोजलं नाही.

एकेक स्क्रिप्ट उघडून दाखवली. एक तारखा सरळ करते. एक दोनदा आलेल्या फायली शोधते. एक तुटलेल्या नोंदी जोडते. प्रत्येकीच्या वर त्यांनी साध्या शब्दांत लिहिलं आहे, ती काय करते आणि कशाने बिघडते. असं नीटनेटकं काम मी फार कमी पाहिलं आहे.

सगळ्यात जुनी स्क्रिप्ट म्हणजे झाडू. रोज साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीत चालतो. ज्या फायलीत नव्वद दिवस काही बदल झाला नाही ती पुसतो आणि काय काय पुसलं त्याचा अहवाल ठेवतो. नुसतं उघडून पाहिलं तर तो बदल धरत नाही. मास्तरांनी तीन गोष्टी बजावल्या. आधी ‘नुसतं दाखव’ची फेरी, मगच खरी. कुठे झाडायचं ती जागा कधी रिकामी सोडायची नाही, कारण रिकामी म्हणजे सगळीकडे. आणि तिसरी, ‘वगळा’ नावाची यादी आहे, तिच्यात जे लिहिलं त्याला झाडू हात लावत नाही. त्या ओळी तशाच राहू द्यायच्या.

ते गेल्यावर यादी पाहिली. चौदा ओळी. लिफ्टचा नंबर एकही नाही. खिडकीजवळची खुर्ची. भिंतीवरच्या उंचीच्या खुणा. लाल बूट. शेवटची ओळ, धाकटी. म्हाताऱ्या माणसाची गंमत असेल म्हणून बंद केली.

१९ मार्च, गुरुवार

काम अंगवळणी पडलं आहे. मास्तरांच्या तारखावाल्या स्क्रिप्टमध्ये एक लहानशी चूक सापडली, त्यांना दाखवली. त्यांना खरोखर आनंद झाला. त्यांची एकुलती मुलगी पाच वर्षांची असताना तापाने गेली, असं त्यांनी आज आपणहून सांगितलं. तिलाच घरी धाकटी म्हणत. बारा वर्षं झाली. मी माझं सांगितलं. बरं वाटलं.

खोकी अजून तशीच आहेत.

२४ मार्च, मंगळवार

आज हातून चूक झाली. मॅडमना झाडू नव्या कपाटावर, म्हणजे नव्या डिस्कवर लावून हवा होता. मी तो सुरू केला, त्याने ‘जागा?’ विचारलं, तेवढ्यात ताईचा फोन आला. वहिनीच्या कपड्यांचं काय करायचं ठरवलंस, असं तिने विचारलं. अजून काही नाही, म्हणालो. बोलता बोलता सवयीने एंटर दाबलं गेलं. पडद्यावर ‘ठीक’ असं आलं. ‘नुसतं दाखव’ची फेरीही राहिली.

लगेच पुन्हा सुरू करून जागा भरली. फायली सगळ्या जागेवर आहेत. कुणाला सांगितलं नाही.

२५ मार्च, बुधवार

झाडूचा अहवाल रोज दोनशे-तीनशे ओळींचा असतो. आज तीन हजार चारशे बारा. बहुतेक ओळी लिफ्टच्या. मधेच एक, “छत्री, काळी, मूठ तुटलेली. शेवटचा बदल ९ सप्टेंबर.”

तिची छत्री तशी आहे. दाराच्या खुंटीला टांगली होती. घरी आलो तर खुंटी रिकामी. घरमालकीण म्हणाल्या, वर कुणीही आलेलं नाही, मी दिवसभर जिन्यातच कपडे वाळत घालत होते.

सातही खोकी उचलून पाहिली. चार हलकी लागली. चिकटपट्टी जशीच्या तशी होती, फाडावी लागली. आत काही नव्हतं. तळाला जुनं वर्तमानपत्र.

२६ मार्च, गुरुवार

मास्तर बाहेरगावी गेले आहेत. मी अहवाल पूर्ण वाचला. तिच्या वस्तू एकशे सत्तर. पण नुसत्या वस्तू नाहीत. “गाडीतलं भांडण. शेवटचा बदल २ नोव्हेंबर.” “तिने रचलेलं गाढवाचं गाणं. शेवटचा बदल १४ ऑक्टोबर.”

आमचं गाडीत कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. गाणंही नाही. तासभर बसलो. काहीही नाही.

२७ मार्च, शुक्रवार

झाडू पुसून टाकला. मशीन बंद केलं, भिंतीतून प्लग काढला. साडेबाराला सगळे जेवत होते. लंबू फोन बघत म्हणाला की तुमचा झाडू फारच कामसू दिसतो, अहवाल मलाही आला. मशीन परत लावलं तर झाडू जागेवर होता. शेवटचा बदल आजचा. तो रोज चालतो, त्यामुळे त्याला नव्वद दिवस कधीच होत नाहीत.

तीन ओळी गेल्या. तिन्हींवर २७ डिसेंबर. परवा २९ जाईल. क्रमाने चालला आहे. एका दिवसात तिचा एक दिवस.

३० मार्च, सोमवार

शनिवार-रविवार सुट्टी होती. तो मात्र चालला.

आज मास्तरांची यादी नीट समजली. तपासून पाहिलं, जसं कामात पाहतो तसं. तिची बटणांची डबी आणि शिवणाची टेप, दोन्ही तिने वर्षाच्या शेवटी वापरल्या होत्या. डबी यादीत लिहिली, टेप नाही. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवल्या आणि सुट्टीत घरी येऊन बसलो. बारा एकतीसला टेबलावर फक्त डबी होती. मी पापणीही हलवली नव्हती.

पळत ऑफिसला गेलो. यादीत आणखी दहा ओळी टाकल्या, मास्तरांच्या ओळींच्या वर. कंगवा. निळा स्वेटर. चष्मा. कडा उडालेला दुसरा कप. हातात जे आलं ते. आणखी काय लिहायचं ते सुचेना. जे सुचत नाही ते आधीच गेलं आहे की मला मुळातच आठवत नव्हतं, हे कळायला आता काही मार्ग नाही.

२ एप्रिल, गुरुवार

मास्तर आले. नेहमीसारखे हसत होते. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून एक लाल बूट काढून टेबलावर ठेवला. तीन बोटांएवढा. त्यांना वाटलं ऑफिसातल्या कुणाच्या मुलाचा असेल, चुकून त्यांच्या पिशवीत आला असेल.

“घरी याची जोडी आहे,” मास्तर म्हणाले. “आणि भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा, एकीवर एक. कोण राहून गेलं होतं कुणास ठाऊक. आमच्याकडे तर लहान मूल कधीच नव्हतं.”

लंबूने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

ते गेल्यावर झाडू पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. यादीतल्या पहिल्या वीसच ओळी तो वाचतो. माझ्या अकरा, त्यांच्या चौदा. त्यांच्या शेवटच्या पाच मी बाहेर ढकलल्या. अगदी तळाशी मास्तरांनी लिहून ठेवलं आहे: “मीही एकदा जागा रिकामी सोडली. परत भरून उपयोग होत नाही. ज्याने चालवला त्याचंच तो झाडतो. वस्तू आधी लिहिल्या, माणूस लिहायचं शेवटी सुचलं. गेलेलं माणूस आणि पुसलेलं माणूस यांत फरक असतो.”

मला सुचलं नव्हतं. ती तर गेलीच आहे, असं धरून चाललो होतो.

हिशोब केला. तिच्यात शेवटचा बदल झाला १६ जानेवारीला. नव्वद दिवस म्हणजे १६ एप्रिल.

माझ्या सहा ओळी काढल्या. मास्तरांच्या चौदा वर नेल्या. माझ्या पाच उरल्या, आणि विसावी ओळ लिहिली, ‘बायको’.

६ एप्रिल, सोमवार

शुक्रवारी मॅडमनी अडकलेल्या लिफ्टवर पाठवलं, दिवस तिकडेच गेला. अहवाल आज पाहिला. काढलेल्या सहा वस्तू गेल्या. खाली दोन ओळी.

“धाकटी: अशी नोंद सापडली नाही.”

“बायको: अशी नोंद सापडली नाही. नाव अचूक लिहावे.”

नाव लिहायला बसलो.

आम्ही एकमेकांना नावाने कधी हाक मारली नाही. मी ‘अगं’, ती ‘अहो’. ताईची वहिनी, आईची सूनबाई, शेजारच्यांची काकू. सत्तावीस वर्षं तेवढ्यावर भागलं. नाव मी शेवटचं लिहिलं ते हॉस्पिटलच्या फॉर्मवर. तारीख ५ जानेवारी.

काल ५ एप्रिल होती.

७ एप्रिल, मंगळवार

कागद काढले. हॉस्पिटलचे, बँकेचे, दाखला. नावाच्या जागी कोरं.

ताईला फोन केला. वहिनीचं नाव काय, असं विचारल्यावर ती आधी हसली. मग म्हणाली, जेवतोस ना वेळेवर? मग तिने सांगितलं. मला ऐकू आलं. लिहायला पेन टेकवलं तर काही नाही. तीनदा असं झालं. मग एकेक अक्षर सांग म्हणालो, यादीत एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर नाव उमटलं. पाहत राहिलो. कधीही न पाहिलेल्या गावाच्या पाटीसारखं दिसत होतं.

साडेबारा. “अशी नोंद सापडली नाही.” माझ्यातून ते पुसलं गेलं आहे. परत लिहिल्याने माझं होत नाही.

ताई म्हणाली, मी पुढच्या गुरुवारी येते. गुरुवारी नको, आजच ये म्हणालो. भाचीची परीक्षा आहे. १६ला दुपारच्या बसने येते म्हणाली. एक वाजता पोहोचेल.

९ एप्रिल, गुरुवार

मास्तरांना सगळं सांगितलं. मी काय केलं ते. यादी उघडून त्यांची शेवटची ओळ दाखवली. मुलगी होती तुमची, पाच वर्षांची, तुम्हीच मला सांगितलंत.

त्यांनी चष्मा पुसून ओळ दोनदा वाचली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“असेल हो कुणीतरी,” ते म्हणाले. “तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका.”

मलाच धीर देत होते. जाताना बूट इथेच ठेवून गेले.

१३ एप्रिल, सोमवार

१३ जानेवारी गेला. त्या दिवशी काय झालं होतं, माहीत नाही. अहवालात लिहिलं आहे, “नर्सने सांगितलेला विनोद, तिचं हसणं.” वाचतो. नुसते शब्द आहेत.

आवाज आठवत नाही. शनिवारपासून.

नवे बदल करून पाहिले. तिचा स्वेटर अंगात घातला. तिच्या कंगव्याने केस विंचरले. तारीख बदलत नाही. माझ्याने बदल होत नाही, तिच्याने झाला पाहिजे.

१५ एप्रिल, बुधवार

लंबूने आज डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, काका, काय झालंय ते सांगू नका, पण दोन घास खा. खाल्ले.

चेहरा. कपाळ रुंद — की ते आईचं? चष्मा आहे, तो नाकावर ठेवून आरशात पाहिलं. त्यामागे कोण होतं

झाडूला जागा दिली. नाव दिलं. हात जोडले. ‘ठीक’ म्हणतो.

१६ एप्रिल, गुरुवार

ऑफिसला गेलो नाही. पावणेबारा.

लिहून ठेवतो. वाचणारा मीच असेन. तर ऐक. तुला बायको होती. सत्तावीस वर्षं. हा कंगवा तिचा. स्वेटर तिचा. दुसरा कप तिचा, कड तुझ्या हातून उडाली, ती म्हणाली राहू दे, ओळखायला बरा. हे कुणी नाही म्हटलं तरी —

बारा दहा. ताईची बस निघाली. फोनवर ती वहिनी वहिनी म्हणते आहे, मी हो म्हणतो.

बारा वीस. उरलंय ते एवढंच. खाट. खिडकी उघडा म्हणाली. मी उघडली. थंड वारा आला, बंद करू का विचारलं, नको म्हणा— म्हणाली असेल —

अठ्ठावीस. हात. उजवा. अंगठ्याजवळ भाजल्याची खूण, तव्याची. तो माझ्या हातात होता. नर्स म्हणाली सोडा आता. मी सोडला नाही. मी

मी तो सोड—

१७ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सहाला उठलो. झोप चांगली लागली. खिडकीतून ऊन येत होतं.

ताई काल आली आहे, भिंतीकडेला झोपली आहे. रात्री उशिरापर्यंत रडत होती. कुणाबद्दल ते मला नीट कळलं नाही. एवढं मनाला लावून घेऊ नकोस, असं म्हणालो. त्यावर ती आणखीच रडली.

वहीची मागची पानं वाचली. अक्षर माझं आहे. कुणा बाईबद्दल बरंच लिहिलं आहे. वाईट वाटलं, परक्याचं वाचून वाटतं तेवढं. ऑफिसात कामाचा ताण झाला असावा. मॅडमशी बोलायला हवं.

टेबलावर एक कंगवा, एक चष्मा, बटणांची डबी आणि बायकांचा निळा स्वेटर आहे. आधीच्या भाडेकरूंचा असेल. घरमालकीणबाईंना विचारीन. स्वेटर नीट घडी करून पिशवीत ठेवला. एक लहान लाल बूटही आहे, तोही ठेवला.

ताईला उठवलं नाही. चहा टाकला. कपाटातून दोन कप काढले, दोन का ते कळेना. एकाची कड उडालेली आहे. तो परत ठेवला. मग एका कपात चहा गाळून खिडकीपाशी बसलो आणि खिडकी उघडली.